फोमच्या जनावराला जिवंत कातडी कशी चढवावी

फोम कापून, चिकटवून, जबडा आणि डोळे बसवून एखादे जनावराचे हातबाहुले तयार झाले, की ते हातात घालून आरशासमोर उभे राहण्याचा मोह कोणालाही होतो. आणि त्याच क्षणी लक्षात येते, की आकार कितीही साधला असला तरी समोर दिसतो आहे तो गादीचा तुकडाच. सोलापुरातील बालनाट्यांसाठी आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी अशी जनावरे बनवताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतून लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, कातडी चढवण्याची जी पद्धत हाताशी आली ती येथे देत आहे. उदाहरणासाठी एकच बाहुले डोळ्यांसमोर ठेवले आहे: सोलापूरच्या कंबर तलावातून वर येणारे, घोरपडीचे डोके आणि म्हशीची मान असलेले एक काल्पनिक जनावर, ज्याचे डोके सुमारे १४ इंच लांब आहे आणि ज्याच्या मानेत चालवणाऱ्याचा हात कोपरापर्यंत जातो.

कातडी खरी वाटण्याचे मुख्य कारण एकच असते. ती जिथे वाकते तिथे सुरकुतते, जिथे घासते तिथे जाड आणि खरबरीत होते, आणि जिथे हाडावर ताणलेली असते तिथे जवळजवळ गुळगुळीत राहते. हा हिशेब चुकला, तर कितीही नाजूक छिद्रे आणि खवले कोरले तरी ते वरून पसरलेल्या छापील कापडासारखे दिसतात. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की या जागी हे जनावर काय हालचाल करते.

आधी पाहणे

सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला कातडीचा उत्तम धडा गोठ्यात मिळतो. पंढरपुरी म्हशीची खांद्यापलीकडे पोहोचणारी शिंगे सगळेच पाहतात, पण आपल्याला पाहायची आहे ती तिची मान. म्हैस दावणीत तोंड घालते तेव्हा गळ्याखालची कातडी आडव्या घड्यांनी गोळा होते आणि मानेचा वरचा भाग ताणला जातो. ती मान वर करते तेव्हा घड्या मानेच्या पाठीवर येतात. घड्यांमधले अंतर सारखे नसते. काही घड्या दोनाच्या तीन होतात, काही अर्ध्यातच विरून जातात. डोळ्याभोवतीची कातडी पातळ आणि बारीक रेघांची, तर गुडघ्यावरची जाड, केस उडालेली आणि भेगाळलेली असते. मोबाइलवर पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत, शक्यतो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, कारण डोक्यावरच्या उन्हात पोत दिसतच नाही.

घोरपड शेताच्या बांधावर किंवा पडक्या विहिरीच्या काठावर दिसली तर लांबूनच पाहावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. तिला पकडणे तर दूरच, तिची वाळलेली कातडी नमुना म्हणून बाळगणेही गुन्हा ठरतो. पाहण्यासारखे असे, की तिचे खवले माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढलेले नसून लहान मण्यांसारखे शेजारीशेजारी बसलेले असतात, आणि तिच्या नाकपुड्या तिरप्या फटींसारख्या असतात. डोक्यावरचे खवले थोडे मोठे, तर गळ्याचे अगदी बारीक. म्हणजे एकाच जनावराच्या अंगावर तीन-चार आकारांचे खवले असतात, आणि सगळीकडे एकच ठसा मारून मोकळे होणे हे कारागिराच्या आळसाचे लक्षण आहे.

हे पाहून झाले, की उघड्या फोमचे बाहुले हातात घालावे, त्याला बोलायला, मान वळवायला, खाली वाकायला लावावे, आणि दुसऱ्या हाताने, नाहीतर घरातील कोणाकडून, जिथे जिथे फोम स्वतःहून दुमडतो तिथे मार्करने रेघ ओढून घ्यावी. याच रेघा पुढे मोठ्या घड्या होतात. जबड्याच्या कोपऱ्यावर, म्हणजे जिथे तोंड उघडझाप होते तिथे, एक गोल करावा आणि त्यात लिहावे: पातळ. हे लिहून ठेवण्याचे कारण पुढे येईल.

फोम आणि कात्री

गादी आणि सोफ्याच्या दुकानांत मिळणारा साधा पॉलियुरेथेन फोम या कामाला पुरतो. दुकानदार त्याची डेन्सिटी सांगतात. ३२ डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून आकड्यावर न जाता तुकडा मुठीत दाबून पाहावा आणि सोडल्यावर तो चटकन पूर्ववत होतो की नाही हे तपासावे. डोक्यासाठी १ इंच आणि मानेसाठी अर्धा इंच जाडी मला सोयीची वाटते. कापताना उरलेला एकही तुकडा टाकू नये, त्याचा भुगासुद्धा लागणार आहे.

मोठ्या घड्या लॅटेक्सने करायच्या नसतात, त्या फोममध्येच करायच्या असतात. मार्करच्या रेघेवर नव्या ब्लेडने अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्यावी, चिरेच्या दोन्ही आतील बाजूंना पातळ रबर सोल्यूशन लावावे, ते दहा मिनिटे हाताला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे आणि मग चीर चिमटीत धरून दाबावी. दोन्ही बाजूंचा फोम आपोआप फुगून वर येतो आणि मधे खोल दरी तयार होते. खऱ्या घडीचा आकार असाच असतो, वर गोल आणि तळाशी धारदार. ब्लेडने नुसती पाचर कापून काढली तर घडीच्या कडा चौकोनी राहतात आणि रंग दिल्यावर ती जखमेसारखी दिसते. यानंतर टोकाशी वाकलेल्या छोट्या कात्रीने कडा छाटून गोल कराव्यात. एकदम मोठा तुकडा न कापता, न्हावी केस कातरतो तसे बारीक बारीक कातरत जावे.

उष्णतेबद्दल येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. हॉट एअर गनने फोमचा पृष्ठभाग बंद होऊन गुळगुळीत होतो, असे जे दाखवले जाते ते ईव्हीए फोमच्या बाबतीत खरे आहे, म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या रंगीत फोम शीटच्या बाबतीत. गादीचा फोम तापवला तर तो पिवळा पडतो, चिघळतो, आणि जळू लागला तर त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. थर्मोकोल कापायची गरम तारही त्याला लावू नये. रबर सोल्यूशनची वाफ पेट घेणारी असते, म्हणून हे काम गच्चीवर किंवा खिडकी उघडून करावे आणि देवघरातील दिवा शेजारी नसावा.

लॅटेक्सचे थर

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. बाजारात मिळणाऱ्या घट्ट लॅटेक्समध्ये सुमारे ६० टक्के रबर असते आणि ते गोठू नये म्हणून अमोनिया घातलेला असतो. डबा उघडताच नाकात जो भपका जातो तो त्याचाच. अमोनिया उडून गेला की चीक गोठायला लागतो, म्हणून लागेल तेवढेच वाटीत काढून डब्याचे झाकण लगेच लावावे. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची असावी. तांबे आणि पितळ यांच्या संपर्काने रबर लवकर खराब होते, तेव्हा घरातला जुना तांब्या कितीही सोयीचा वाटला तरी तो यासाठी वापरू नये. तेलही रबराचा शत्रू आहे. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी अंगाला खाज सुटते, त्यांनी हे काम स्वतः करू नये, कारण ती रबराची ॲलर्जी असू शकते आणि ती वाढत जाते.

ब्रश वापरायचा असेल तर तो आधी भांडी घासण्याच्या द्रव साबणात बुडवून पिळून घ्यावा. साबण केसांच्या मुळाशी राहिला की लॅटेक्स तिथे धरत नाही आणि ब्रश नंतर धुता येतो. हे न करता बुडवलेला ब्रश पाच मिनिटांत कायमचा निकामी होतो. पण फोमवर पहिले थर ब्रशने न देता स्पंजच्या फाडलेल्या तुकड्याने टिपून द्यावेत. तुकडा कात्रीने कापलेला नको, बोटांनी फाडलेला हवा, म्हणजे त्याची कड वेडीवाकडी राहते आणि टिपल्याच्या खुणा एकसारख्या उमटत नाहीत. फोम चीक शोषून घेतो. पहिला थर जाड दिला तर लॅटेक्स आत खोलवर उतरते, बाहुले जड होते आणि फोमचा मऊपणा जातो. त्यामुळे पहिला थर थोडे पाणी मिसळून, अगदी पातळ, केवळ वरची छिद्रे बुजण्यापुरता द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा.

वाळले की नाही हे ओळखणे सोपे आहे. ओले लॅटेक्स दुधासारखे पांढरे असते आणि वाळताना ते मधासारखे पिवळसर, अर्धपारदर्शक होते. घडीच्या तळाशी पांढरा ठिपका दिसत असेल तर तिथे अजून ओल आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना आणि हवा कोरडी असताना, वरचा पापुद्रा इतक्या झटपट धरतो की आतली ओल कोंडली जाते आणि दोन दिवसांनी तिथे फोड येतो. मे महिन्यात हे काम मी दिवस मावळल्यावर, पंखा बंद ठेवून करतो. पावसाळ्यात उलट त्रास होतो, थर वाळता वाळत नाही आणि हेअर ड्रायर लावावा लागतो. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, हवा या कामाला सर्वांत मानवते, फक्त तेव्हा घरातील कोणालाही एका जागी बसवून ठेवणे अवघड असते.

वाळलेले लॅटेक्स स्वतःला चिकटते, आणि इतके घट्ट की सोडवताना फाटते. प्रत्येक वाळलेल्या थरावर, विशेषतः घड्यांच्या आत, टाल्कम पावडर फिरवणे ही सवय व्हायला हवी. पुढचा थर द्यायचा असेल तर ओल्या स्पंजने पावडर पुसून घ्यावी, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत.

आता तो मार्करचा गोल. माझ्या पहिल्या मोठ्या बाहुल्याला मी उत्साहाने सगळीकडे सारखे सहा थर दिले होते. कातडी देखणी झाली, पण जबडा उघडेना. प्रयोगात ते जनावर दात ओठ खाऊन बोलत असल्यासारखे दिसले आणि ते चालवणाऱ्या मुलाचे मनगट तिसऱ्या प्रवेशापर्यंत भरून आले. तेव्हापासून जबड्याच्या कोपऱ्याला दोनच पातळ थर, मानेला तीन आणि कपाळ, नाक, पाठ अशा न हलणाऱ्या भागांना हवे तितके, असा हिशेब ठेवला आहे.

ताणातून सुरकुत्या

मध्यम आणि बारीक सुरकुत्यांसाठी कोरण्यापेक्षा ताणण्याची युक्ती फार चांगली आहे. चेहऱ्यावर म्हातारपण रंगवणारे रंगभूषाकारही तीच वापरतात. कातडी ज्या दिशेने ताणाल तिच्या आडव्या दिशेला सुरकुत्या पडतात. गळ्यावर आडव्या सुरकुत्या हव्या असतील तर बाहुल्याची मान मागे वाकवून दोरीने तशीच बांधून ठेवावी, म्हणजे गळ्याचा फोम वरून खाली ताणला जातो. त्या अवस्थेत लॅटेक्स टिपून द्यावे, पूर्ण वाळू द्यावे, ताण न सोडता पावडर लावावी आणि मगच दोरी सोडावी. फोम आपल्या जागी परत येतो, त्यावरचा पापुद्रा मात्र ताणलेल्या मापाचा झालेला असल्यामुळे तो शेकडो बारीक, एकमेकींत मिसळणाऱ्या रेघांनी गोळा होतो. हाताने कोरून अशी रेघ येत नाही. पावडर विसरलात तर याच रेघा एकमेकींना चिकटून सगळी मेहनत वाया जाते.

अधिक जाड, थकलेली कातडी हवी असेल तर कापूस किंवा टिश्यू पेपर वापरावा. ओल्या लॅटेक्सवर कापसाचा, पलीकडचे दिसेल इतका विरळ ओढलेला पापुद्रा ठेवावा आणि वरून लॅटेक्स टिपावे. तो बसत असतानाच काडीने सरकवून घड्या पाडाव्यात. टिश्यू पेपरची घडी धारदार आणि कागदासारखी येते, ती डोळ्यांच्या पापण्यांना आणि ओठांच्या कडांना शोभते. कापसाची घडी मऊ आणि गोल येते, ती गळ्याला आणि पोटाला. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यांत कापूस-सुताचा टाकाऊ माल निघतो आणि तो यासाठी उत्तम, मात्र त्याला यंत्राचे तेल लागलेले नसावे.

ठसे आणि साचे

कपाळ, नाकाचा भाग, मानेची पाठ अशा मोठ्या, कमी हलणाऱ्या जागांसाठी कातडीचे तुकडे वेगळे ओतून नंतर चिकटवणे सोयीचे असते. काचेवर तेलमातीची, म्हणजे तेलात मळलेल्या न सुकणाऱ्या मातीची, अर्ध्या इंचाची पाटी लाटावी आणि तिच्यावर पोत उमटवावा. येथे उलट-सुलट लक्षात ठेवले पाहिजे. संत्र्याची साल मातीवर थेट दाबली तर सालीवरच्या खळग्यांच्या जागी मातीवर पुटकुळ्या येतात. खळगेच हवे असतील तर सालीवर लॅटेक्सचे चार-पाच थर देऊन, पावडर लावून, तो पापुद्रा सोलून काढावा आणि त्या उलट्या ठशाने माती दाबावी. कारल्याच्या गाठी, कच्च्या सीताफळाचे फुगीर डोळे, चिंचेच्या झाडाची साल यांचे असे ठसे करून ठेवले की ते वर्षानुवर्षे पुरतात. मगरीच्या पाठीसारखी मान हवी असेल तर कच्चे सीताफळ सरस ठरते, कारण त्याचे डोळे देठाकडून टोकाकडे आकाराने बदलत जातात, जसे खऱ्या खवल्यांचे होते.

रोमछिद्रांसाठी मात्र सोलापूरकराला बाजारात जायची गरज नाही. चादरीबरोबरच भौगोलिक मानांकन मिळालेला आपला टेरी टॉवेल मातीवर ठेवून तळहाताने हलके दाबला, की सुताच्या फाशांचे बारीक खळगे उमटतात. तोच टॉवेल दुसऱ्यांदा थोडा फिरवून, कमी-जास्त दाब देत दाबावा, म्हणजे विणीच्या ओळी दिसत नाहीत. पूर्ण टॉवेलचा एकच सरळ ठसा मारला तर तो टॉवेलच दिसतो, हे मी प्रेक्षकांतील एका आजींच्या तोंडून ऐकले आहे. ओले लॅटेक्स टॉवेलवर लावून ठसा काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ते सुतात रुतून बसते आणि दोन्ही वस्तू जातात.

मातीवर सुरकुतीची रेघ कोरताना मधे पातळ प्लास्टिकची पिशवी पसरावी आणि तिच्यावरून काडी ओढावी. पिशवीमुळे रेघेच्या कडा आपोआप गोल होतात आणि मातीचा भुगा वर येत नाही. उघड्या मातीवर ओढलेली रेघ नांगराच्या तासासारखी दिसते. रेघांचा नकाशा सुचत नसेल तर उन्हाळ्यात काळ्या रानात पडलेल्या भेगा पाहाव्यात. त्यांचे तुकडे कधी चौकोनी, कधी पंचकोनी असतात, मोठ्या भेगेतून लहान भेग फुटते, आणि कोरड्या, जाड कातडीची फाटही तशीच असते.

पोत मनासारखा झाला की पाटीभोवती पुठ्ठ्याची भिंत उभी करून प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे. १ किलो प्लास्टरला सुमारे ७०० मिलिलिटर पाणी पुरते. पाण्यात प्लास्टर भुरभुरावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये, आणि ढवळताना फेस होऊ देऊ नये. ते घट्ट होताना गरम होते आणि पुन्हा गार झाले की माती काढून घ्यावी. तेलमाती महाग वाटत असेल तर गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणावी, फक्त ती सुकून तडकते म्हणून साचा त्याच दिवशी ओतावा. साचा दोन दिवस वाळू द्यावा. मग त्यात लॅटेक्सचे चार-पाच पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर कडेपासून थोडा आत संपवावा, म्हणजे तुकड्याची कड कागदासारखी पातळ राहते. पावडर लावत लावत तो सोलून काढावा.

चिकटवण्यासाठी तुकड्याच्या मागे आणि फोमवर लॅटेक्सचाच थर द्यावा, दोन्ही वाळू द्यावेत आणि मग एकमेकांवर टेकवावे. ते टेकताक्षणी धरतात आणि पुन्हा सरकवता येत नाहीत, म्हणून मधोमध सुरुवात करून कडांकडे दाबत जावे. जोड शक्यतो मोठ्या घडीच्या तळाशी यावा. उघड्यावर आला तर विरळ कापूस आणि टिपलेल्या लॅटेक्सने तो झाकता येतो, पण घडीत लपलेला जोड झाकावाच लागत नाही.

गाठी, खवले, शिरा

चामखिळी आणि गाठींसाठी मी एकदा साबुदाणा लॅटेक्समध्ये रोवला होता. दिसायला तो अप्रतिम होता. पुढच्या पावसाळ्यात त्यात किडे झाले. मोहरी तर तेलबीच आहे, तिचे नावही नको. फोमचा भुगा लॅटेक्समध्ये कालवून केलेला घट्ट गोळा हेच योग्य उत्तर आहे, कारण तो मऊ असतो, वाकतो आणि बाहुल्याच्याच जातीचा असतो. गाठी समान अंतरावर लावू नयेत. तीन जवळ, मग मोकळी जागा, मग एक मोठी, अशा त्या झुबक्याने येतात.

घोरपडीच्या मण्यांसारख्या खवल्यांसाठी मेंदीचा कोन वापरावा. लॅटेक्स थोडा वेळ उघडे ठेवून किंचित घट्ट होऊ द्यावे, कोनात भरावे आणि टोक अगदी लहान कापून एकेक थेंब ठेवत जावे. डोक्यावर मोठे थेंब, गालावर मध्यम, गळ्याकडे बारीक होत होत नाहीसे. थेंब वाळताना बसतो आणि लहान होतो, म्हणून हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठा ठेवावा. १४ इंचांच्या डोक्याला दोन संध्याकाळी लागतात. मेंदी काढणारी बहीण किंवा वहिनी घरात असेल तर तिला विनंती करावी, तिचा हात आपल्यापेक्षा सरस असतो.

शिरा लॅटेक्सने रंगवण्यापेक्षा सुताने कराव्यात. चादरीचे जाड सूत लॅटेक्समध्ये बुडवून, पिळून, कानशिलावर किंवा जबड्याखाली ठेवावे आणि वरून एक पातळ थर टिपावा. शीर जिथे कातडी पातळ असते तिथेच दिसते, ती फांदीसारखी फुटत जाते आणि स्नायूवरून जाताना थोडी वळते. पाठीवर शिरा दाखवण्याचे कारण नाही.

रंग

वाळलेल्या लॅटेक्सवर नुसता ॲक्रिलिक रंग दिला, तर पहिल्याच प्रयोगात घड्यांवरून त्याचे पापुद्रे सुटतात. मूळ रंग शेवटच्या दोन थरांच्या लॅटेक्समध्येच मिसळावा. रंगाचे प्रमाण लॅटेक्सच्या दहाव्या भागाच्या वर नेऊ नये, आणि कोणताही नवा रंग आधी वाटीभर लॅटेक्समध्ये थेंबभर टाकून पाहावा, कारण काही रंगांनी चीक दह्यासारखा फाटतो. ओल्या लॅटेक्सच्या पांढरेपणामुळे मिश्रण फिके दिसते आणि वाळल्यावर गडद होते. वाटीत गुलाबी दिसणारा रंग बाहुल्यावर विटेसारखा येतो. टाकाऊ फोमवर नमुना वाळवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हैस काळी असते असे आपण म्हणतो, पण जवळून पाहिले तर तिच्यावर राखाडी, तपकिरी, निळसर आणि डोळ्याभोवती गुलाबीसर छटा दिसतात, आणि पोटाकडे मातीचा थर असतो. एकाच डब्यातला काळा दिला की प्लास्टिकचे खेळणे तयार होते. मूळ थर मध्यम राखाडी-तपकिरी ठेवावा. त्यावर पाण्यासारखा पातळ, थोडे लॅटेक्स मिसळलेला गडद रंग घड्यांमध्ये उतरू द्यावा आणि उंचवट्यांवरून ओल्या स्पंजने लगेच पुसून घ्यावा. मग जुना टूथब्रश विटकरी, शेवाळी आणि जांभळट अशा तीन पातळ रंगांत आळीपाळीने बुडवून अंगठ्याने शिंतोडे उडवावेत. हे शिंतोडे जवळून विचित्र दिसतात, पण पाच पावले मागे गेले की ते मिसळून कातडीखालच्या रक्तासारखी खोली देतात. सर्वांत शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने, मूळ रंगाहून फिकी छटा खवल्यांच्या आणि घड्यांच्या माथ्यांवरून हलकेच फिरवावी; आमच्या जनावराला याच टप्प्यावर जबड्याखाली आणि पायांजवळ मी सोलापूरच्या धुळीचा मातकट रंग देतो.

चमक जिथे ओल असते तिथेच: डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या आतली बाजू, ओठांची आतली धार. तिथे पातळ चमकदार ॲक्रिलिक वार्निश द्यावे आणि बाकी सगळीकडे पावडर फिरवून कातडी मंद ठेवावी.

रंग वाळल्यावर बाहुले टेबलावर तपासू नये. खोली अंधारी करून एका बाजूने दिवा लावावा आणि पंधरा फुटांवरून मोबाइलने छायाचित्र घ्यावे. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात दहाव्या रांगेतल्या मुलाला टॉवेलची छिद्रे दिसणार नाहीत, त्याला दिसतील त्या मोठ्या घड्या आणि त्यांच्या सावल्या, तेव्हा छायाचित्रात त्या वाचता येत नसतील तर घड्यांमधला गडद रंग आणखी एकदा द्यावा. चित्रीकरणासाठी बाहुले असेल तर उलट, गडदपणा आवरावा लागतो आणि छिद्रांवर वेळ घालवावा लागतो.

साठवण

ऊन, उष्णता आणि तेल यांनी लॅटेक्स आधी चिकट आणि मग ठिसूळ होते, आणि ताणलेल्या अवस्थेत ठेवलेल्या रबराला हवेतील ओझोनमुळे चिरा पडतात. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर बाहुले ठेवले तर सोलापूरचा एक उन्हाळा त्याला पुरेसा होतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून मान सैल आणि सरळ ठेवावी, अंगभर पावडर लावावी आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळून घरातल्या सर्वांत थंड कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवावे. दर दोन-तीन महिन्यांनी ते काढून जबडा दहा-बारा वेळा उघडझाप करून पाहावा. कोपऱ्यावर बारीक चीर दिसली तर पावडर पुसून, आतून विरळ कापूस आणि रंग मिसळलेल्या लॅटेक्सचा एक थर लावावा आणि तो वाळेपर्यंत तोंड उघडेच राहील असा लाकडाचा ठोकळा मधे अडकवून ठेवावा.